‘शालिवाहन शक’ नेमका कोणाचा?

१/ गुढीपाडवा जवळ आला की एक मजकूर भ्रमणध्वनीवरून फिरू लागतो. पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेल्या एका मुलाने मातीचे सैनिक घडवले, त्यांच्यात प्राण फुंकले, त्या सैन्याने शकांचा निःपात केला आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ शालिवाहन शक सुरू झाला. माळशिरस तालुक्यातील श्रीपूरसारख्या ऊसपट्ट्यातील गावापासून पुण्यामुंबईपर्यंत हा मजकूर इतिहास म्हणून वाचला जातो. तो इतिहास नाही. का नाही, आणि त्याने काय बिघडते, हा या धाग्याचा विषय.

२/ प्रथमच एक स्पष्ट करणे आवश्यक आहे. येथे कथेची टिंगल करायची नाही. कथा जुनी आहे, रम्य आहे आणि तिला स्वतःचे मोल आहे. आक्षेप आहे तो कथेला इतिहासाच्या पाटावर बसवण्याला. पाट एकच असतो. त्यावर कथा बसली की खऱ्या माणसांना उठावे लागते. या प्रकरणात उठवले गेलेले सर्वांत मोठे माणूस म्हणजे एक आई आहे.

३/ आधी कथा पाहू. १४व्या शतकातील जैन आचार्य जिनप्रभसूरी यांच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात ती सविस्तर येते. प्रतिष्ठानात कुंभाराच्या घरी आश्रयाला आलेली एक विधवा, गोदावरीच्या डोहातील शेषनाग, त्यांच्यापासून झालेला पुत्र, त्याचा मातीच्या हत्तीघोड्यांचा खेळ, उज्जयिनीच्या विक्रमाची स्वारी आणि अमृताच्या शिंपणाने जिवंत झालेले मातीचे सैन्य. पुढे दोघांत तह होतो. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत नर्मदा ही सीमा ठरते: उत्तरेला विक्रम संवत, दक्षिणेला शालिवाहन शक.

४/ आता मजकूर आणि कथा शेजारी ठेवून वाचा. मजकुरातील शत्रू शक आहेत. मूळ कथेतील शत्रू विक्रम आहे, आणि परंपरेत विक्रमाचे बिरूदच ‘शकारि’, म्हणजे शकांचा शत्रू, असे आहे! ज्याने शकांच्या शत्रूला हरवले, त्यालाच शकांचा संहारक ठरवायचे आणि त्याच्या कालगणनेला पुन्हा ‘शक’ म्हणायचे. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी परंपरेची कथाही धड वाचलेली नाही.

५/ साधा हिशोबही या कथेच्या विरोधात जातो. विक्रम संवताचा आरंभ इ. स. पूर्व ५७, शकाचा इ. स. ७८. मध्ये १३५ वर्षे. आपापला संवत स्थापन करणारे दोन राजे एकाच रणांगणावर समोरासमोर यायचे, तर त्यांतील एकाला दीड शतकाचे आयुष्य लागेल. कथेला हा हिशोब विचारू नये. इतिहासाला मात्र विचारलाच पाहिजे.

६/ मग ही गणना कोणाची? सलग वर्षे मोजत जाणारी ही पद्धत आरंभीच्या काळात ठळकपणे दिसते ती पश्चिम भारतातील शक क्षत्रपांच्या, चष्टनाच्या घराण्याच्या लेखांत. कच्छमधील अंधौ येथील लेख वर्ष ५२ चे, म्हणजे इ. स. १३० चे. गिरनारच्या शिळेवर चष्टनाचा नातू रुद्रदामन याचा लेख; त्यात वर्ष ७२, म्हणजे इ. स. १५०. पूर्वी या गणनेचा आरंभ कुषाण सम्राट कनिष्काकडे नेला जाई. आता अनेक अभ्यासक चष्टनाकडे बोट दाखवतात. यांपैकी कोणीही पैठणचा नाही.

७/ पुढच्या पिढ्यांना हे ठाऊक होते आणि त्यांना त्याची लाजही वाटत नव्हती. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातील चालुक्यांचा लेख इ. स. ५७८ चा आहे. शक राजाच्या राज्याभिषेकापासून ५०० वर्षे लोटली, असे तो स्वच्छ सांगतो. दख्खनचे पराक्रमी राजे परक्या मानल्या गेलेल्या राजाच्या राज्याभिषेकापासून काळ मोजत होते, कारण ती गणना सोयीची होती आणि ज्योतिषांनी ती स्वीकारली होती.

८/ सोलापूर जिल्ह्यातलाच पुरावा हवा असेल तर दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथे जावे. तेथील मंदिरातील लेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. त्यात शक ९४०, म्हणजे इ. स. १०१८, हे वर्ष आहे. शालिवाहनाचे नाव नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस रचनेचे वर्ष सांगणारी ओवी सर्वांना पाठ असते. तिथेही नुसते ‘शके’ आहे.

९/ समुद्रापलीकडेही हेच चित्र दिसते. सुमात्रातील केदुकान बुकित येथील लेख शक ६०४ चा. कंबोडियातील सांबोर येथील लेख शक ६०५ चा, आणि त्यातील शून्याचे टिंब गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. बालीत आजही ‘न्येपी’ हा शक वर्षाचा पहिला दिवस पूर्ण मौनात पाळतात. ही गणना सागर ओलांडून गेली तेव्हा तिच्याबरोबर शालिवाहनाचे नाव गेले नाही, कारण ते नाव तिला अजून चिकटलेच नव्हते.

१०/ नाव चिकटले ते फार पुढे. आरंभीच्या कित्येक शतकांतील लेखांत ते मिळत नाही. विजयनगरच्या काळात मात्र ते रूढ झालेले दिसते. ‘सातवाहन’ या शब्दाचे प्राकृतात ‘सालाहण’ झाले आणि त्याला पुन्हा संस्कृत वेश चढवताना ‘शालिवाहन’ तयार झाले. उत्तरेच्या गणनेला विक्रमासारखा नायक होता. दक्षिणेच्या गणनेपुढे शत्रूचे नाव होते. ती उणीव दंतकथेतल्या राजाने भरून काढली, असे मानायला भरपूर जागा आहे.

११/ तोपर्यंत ‘शक’ हा शब्दही लोकांचे नाव राहिला नव्हता. त्याचा अर्थ ‘कालगणना’ एवढाच उरला होता. म्हणून तर शिवाजी महाराजांनी शके १५९६, म्हणजे १६७४ मध्ये, सुरू केलेल्या गणनेला ‘राज्याभिषेक शक’ म्हणता आले आणि महाराज ‘शककर्ते’ झाले. शब्द आपला अर्थ बदलतात. त्या बदलामागे दरवेळी युद्ध झालेले असते असे नाही.

१२/ सर्वांत निर्णायक साक्ष खुद्द सातवाहनांची आहे. त्यांचे नाशिकचे लेख पाहा: गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्याचे वर्ष १८, वर्ष २४, पुळुमावीच्या राज्याचे वर्ष १९. प्रत्येक राजा आपल्या राज्यारोहणापासून वर्षे मोजतो. गौतमीपुत्राचा काळ काही अभ्यासक पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात, काही दुसऱ्या शतकात. कोणताही पक्ष घेतला तरी एक गोष्ट बदलत नाही: ज्या घराण्याने हा शक सुरू केला म्हणतात, त्याने आपल्या लेखांत तो वापरलेलाच नाही.

१३/ येथे एक ठरावीक प्रत्युत्तर येते: ‘हा सगळा इंग्रजांनी रचलेला इतिहास आहे.’ ब्राह्मी लिपीचा उलगडा १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने केला, हे खरे. पण नाणेघाट आणि नाशिकचे लेख जिद्दीने उतरवून वाचणारे पंडित भगवानलाल इंद्रजी जुनागढचे होते. सातवाहन आणि क्षत्रपांच्या कोरीव लेखांचा मराठीत ग्रंथ लिहिणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी विदर्भातले. त्यांना परके ठरवायचे आणि निनावी मजकुराला आपला म्हणायचे, याला स्वाभिमान म्हणत नाहीत.

१४/ आता ज्यांना पाटावरून उठवले गेले त्यांच्याकडे वळू. नाशिकचा त्रिरश्मी डोंगर. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. तेथेही कथेने जागा बळकावली आहेच. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राचे दोन आदेश कोरले आहेत. पहिल्यात, वर्ष १८ मध्ये, विजयी सेनेच्या छावणीतून तो पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत डोंगरावरील भिक्षूंना देतो. युद्ध नुकतेच जिंकलेले दिसते; शत्रूच्या जावयाची जमीन हाती आली आहे.

१५/ सहा वर्षांनी दुसरा आदेश निघतो आणि तो अधिक बोलका आहे. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, ते गावच ओस पडले आहे. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीपैकी १०० निवर्तने भिक्षूंना द्यावीत. विजयानंतर पडीक राहिलेले रान, उठून गेलेली वस्ती, कागदावर दिलेले दान प्रत्यक्षात निरुपयोगी ठरणे. मातीच्या सैनिकांच्या कथेत युद्धाची ही किंमत कुठेच दिसत नाही. दगडावर ती दिसते.

१६/ आणि हा दुसरा आदेश राजाचा एकट्याचा नाही. तो राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने निघाला आहे. जिचा पुत्र हयात आहे अशी महादेवी, असा तिचा उल्लेख आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी गोवर्धनच्या अमात्याला जमिनीबाबत हुकूम जातो आणि त्यावर राजाच्या आईचे नाव असते.

१७/ तिचे नाव गौतमी बलश्री. नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी तिने त्याच डोंगरावर लेणे दान केले आणि पुत्राची प्रशस्ती कोरवली. त्यात विजय आहेतच: क्षहरात वंशाचा उच्छेद, शक-यवन-पल्हवांचा पराभव, तीन समुद्रांचे पाणी प्यालेली त्याची वाहने. विदर्भ, अपरान्त, सुराष्ट्र, अवन्ती अशी प्रदेशांची यादी आहे. परंतु आईने सांगितलेल्या गोष्टी एवढ्यावर थांबत नाहीत.

१८/ तो पौरजनांच्या सुखदुःखाशी एकरूप होता, असे ती सांगते. कर धर्माने मिळवून धर्मानेच खर्च करीत असे. अपराध केलेल्या शत्रूचेही प्राण घेणे त्याला रुचत नसे. आईची सेवा त्याने कधी सोडली नाही. स्वतःविषयी ती सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली, महाराजाची माता आणि महाराजाची आजी, एवढेच म्हणते. प्रशस्तीत अतिशयोक्ती असतेच. पण राजा कसा असावा याची एका स्त्रीची कल्पना येथे तिच्याच नावाने उभी आहे.

१९/ आता मजकुरातील कथा पुन्हा आठवा. फिरणाऱ्या मजकुरात त्या मुलाच्या आईला नाव नसते. ती कोणाची तरी बहीण, कुंभाराच्या आश्रयाला आलेली एक बाई. इतिहासातील राजाचे नावच मुळी आईपासून सुरू होते: गौतमीचा पुत्र. ज्या राजघराण्यातील पुरुष आईच्या नावाने ओळखले जात, त्याची आठवण जपताना आईचेच नाव गाळले गेले. कथेला इतिहास मानल्याने झालेले हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

२०/ विजयाचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकली आहेत. अनेक नाण्यांवर खालचा नहपानाचा चेहरा अजून अंधुक दिसतो. पराभूत राजाचे चलन वितळवले नाही, त्यावर शिक्का मारून ते बाजारात परत सोडले. एवढा सुस्पष्ट पुरावा हाताशी असताना अमृताच्या शिंपणाची गरज कोणाला भासावी?

२१/ ‘परकीय राक्षसांचा निःपात’ हे चित्रही तपासून पाहावे. नहपानाचा जावई उषवदात शक होता. त्याने ब्राह्मणांना गायी दिल्या, पुष्करला जाऊन स्नान केले, बौद्ध भिक्षूंसाठी लेणे कोरवले. त्यातील २० भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व इतर खर्चासाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याजाचे दरही लेखात कोरले आहेत. चादरी विणणाऱ्या सोलापूरच्या वाचकाला या व्यवहाराचे अप्रूप वाटावे: राजाचा जावई विणकरांवर पेढीसारखा विश्वास टाकतो.

२२/ पुढे काय झाले? गिरनारच्या लेखात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला त्याने दोनदा समोरासमोर हरवले, पण नाते जवळचे असल्याने त्याचा नाश केला नाही. हे नाते कान्हेरीच्या लेखातून कळते: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील, एका महाक्षत्रपाची कन्या होती. बलश्रीच्या लेखात चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याची बढाई आहे; तिच्याच घराण्यात शकांची लेक सून म्हणून आली. ‘शकांचा समूळ नाश’ म्हणणाऱ्यांनी ही सोयरीक कुठे बसवायची?

२३/ राजांना दंतकथेने असे झाकून टाकणे केवळ दख्खनात घडलेले नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हे ग्रीक नाविकांचे मार्गदर्शक पुस्तक पैठण, तेर म्हणजे तगर, आणि कल्याण यांचा उल्लेख करते. तेच पुस्तक अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला हिम्यर लोकांचा राजा खारिबाएल आणि त्याची राजधानी झफार यांचीही नोंद घेते. आजच्या येमेनमधील हे हिम्यरी राजे आणि सातवाहन एकाच सागरी व्यापाराच्या दोन काठांवर होते. पुढे दोघांचेही भाग्य सारखेच ठरले.

२४/ अरबी दंतकथांनी हिम्यरी राजांना ‘तुब्बा’ करून थेट चीनपर्यंत नेले. शमर नावाच्या राजाने समरकंद जिंकले आणि त्याच्याच नावावरून ते शहर ओळखले जाऊ लागले, असे सांगितले गेले. १२व्या शतकात नश्वान इब्न सईद अल-हिम्यरी या येमेनी पंडिताने त्या राजांवर दीर्घ काव्य रचले. इस्लामोत्तर काळात उत्तर अरबांची प्रतिष्ठा वाढल्यावर दक्षिणेकडील लोकांना आपल्या पूर्वजांचे वैभव सांगावेसे वाटले. या कथा त्या चढाओढीत फुलल्या.

२५/ १९व्या शतकात दक्षिण अरबी लिपी वाचली गेली आणि दगड बोलू लागले. शम्मर युहरइश हा राजा खराच होता. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस त्याने हद्रामौत जिंकून दक्षिण अरबस्तान एका छत्राखाली आणले. चीन नाही, समरकंद नाही. पण जे केले ते लहान नव्हते. शिवाय हिम्यरींची स्वतःची कालगणना होती, इ. स. पूर्व ११० च्या सुमारास सुरू झालेली, आणि ती त्यांच्याच लेखांत वापरलेली आहे. सातवाहनांच्या बाबतीत नेमकी हीच साक्ष मिळत नाही.

२६/ आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींविषयी. ‘सगळ्या थापा आहेत’ म्हणून कथा फेकून देणारेही इतिहासाची सेवा करीत नाहीत. कथासरित्सागरातील सातवाहन राजाला राणीचे संस्कृत कळत नाही. ती पाणी उडवू नको म्हणते आणि तो मोदक मागवतो. ही घटना घडली असे कोणी म्हणणार नाही. पण सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत आणि गाथासप्तशतीचा संग्राहक हाल याच घराण्यातला मानला जातो. राजाची भाषा लोकांची होती, ही आठवण त्या विनोदात शिल्लक आहे.

२७/ मातीच्या सैन्याचेही तसेच. सोलापूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. तेथे सातवाहनकाळातील मातीच्या, साच्यात घडवलेल्या मूर्ती पाहायला मिळतात. त्यांनी कोणतेही युद्ध लढले नाही. त्या घडवणाऱ्या कारागिरांची नावे कोणत्याही प्रशस्तीत नाहीत. राजा कुंभाराच्या घरात वाढला असे सांगणाऱ्या कथेने निदान त्यांच्या घराची आठवण ठेवली. कथा म्हणून तिचा हा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे.

२८/ गुढीलाही या कथेच्या टेकूची गरज नाही. चैत्रारंभ, नवी पालवी, नव्या वर्षाचा पहिला दिवस, एवढे कारण पुरेसे आहे. ‘गुढी’ हा शब्द ज्ञानेश्वरीतही आनंदाची आणि विजयाची खूण म्हणून येतो. सोलापुरातून निघणारे दाते पंचांग घराघरांत उघडले जाते. त्यावरील ‘शालिवाहन शके’ हे रूढ नाव आहे आणि रूढ नाव वापरण्यात काहीच गैर नाही. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही शकच आहे. गैर आहे ते नावाला पुरावा समजणे.

२९/ शत्रूने सुरू केलेली गणना आपल्या पूर्वजांनी उचलली, तिच्यावर पंचांगे रचली, तिला आपल्या आवडत्या राजाचे नाव दिले आणि इतकी आपली करून टाकली की ती कोणाची होती हेही विसरले. यात कमीपणा कुठे आहे? विचार उधार घेऊन पचवण्याची ताकद नाण्यावर नवा शिक्का मारण्याच्या ताकदीहून कमी नसते.

३०/ येत्या पाडव्याला तो मजकूर पुन्हा येईल. त्यावर वाद घालण्याऐवजी एक करता येईल. कथा सांगावी, ‘कथा आहे’ असे म्हणून सांगावी. आणि तिच्यापाठोपाठ नाशिकच्या डोंगरावर पुत्राचे गुण कोरवणाऱ्या गौतमी बलश्रीचे नाव उच्चारावे. तिने ते नाव दगडात लिहून ठेवले आहे. वाचण्याचे काम तेवढे आजच्या पिढीकडे आहे.

(समाप्त)